फैजपूर ते मॉस्को : खानदेशातल्या लाल बावट्याची वाटचाल

डिसेंबर 1936. मनमाडहून निघालेले सुमारे पाचशे शेतकरी गावोगाव सभा घेत, कर्जमाफीच्या आणि शेतसाऱ्याच्या मागण्या सांगत पायी फैजपूरला पोहोचले. काँग्रेसचे खेड्यात भरणारे ते पहिलेच अधिवेशन. त्याच मांडवांच्या गर्दीत अखिल भारतीय किसान सभेचेही दुसरे अधिवेशन प्रा. एन. जी. रंगा यांच्या अध्यक्षतेखाली भरले होते. या जथ्याच्या स्वागताला नेहरू, शंकरराव देव, आचार्य नरेंद्र देव उभे होते. त्यांच्यात आणखी दोन माणसे होती आणि खानदेशातल्या लाल बावट्याची हकिगत सांगताना मला त्या दोघांपासूनच सुरुवात करावीशी वाटते. एक मानवेंद्रनाथ रॉय, दुसरे कम्युनिस्ट कामगार पुढारी श्रीपाद अमृत डांगे.

रॉय महिन्याभरापूर्वीच डेहराडूनच्या तुरुंगातून सुटले होते. लेनिनसमोर वसाहतींच्या प्रश्नावर स्वतःचा स्वतंत्र मसुदा मांडणारा हा माणूस. पण 1929 साली, स्टालिनशी झालेल्या संघर्षात बुखारिनची बाजू मॉस्कोत पडती झाली तेव्हा, त्यांनाही आंतरराष्ट्रीय कम्युनिस्ट संघटनेतून काढून टाकले गेले. त्यांना मेक्सिकोत कम्युनिझमकडे वळवणारे मिखाइल बोरोदिन पुढे 1949 मध्ये पकडले गेले आणि 1951 मध्ये कैदेतच वारले. म्हणजे फैजपूरच्या त्या स्वागतात एक माणूस असा होता, ज्याला मॉस्कोने दार बंद केले होते, आणि दुसरा असा, ज्याला पंधरा वर्षांनी खुद्द स्टालिनपुढे बसायचे होते. मनमाडहून चालत आलेल्या कुणब्याला यातले काही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याला सावकाराचा तगादा ठाऊक होता.

खानदेशात चळवळीला पाय रोवायला जागा दिली ती कापसाने. कापूस होता म्हणून गिरण्या आल्या : जळगावची खानदेश मिल, अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल, चाळीसगावची गिरणी. अमळनेर तर फारच वेगळे गाव. श्रीमंत प्रतापशेठांची गिरणी तिथे, त्यांच्याच दातृत्वातून 1916 साली उभे राहिलेले तत्त्वज्ञान मंदिर तिथे, साने गुरुजींनी 1930 पर्यंत जिथे शिकवले ती शाळा तिथे, आणि 1945 च्या डिसेंबरात वनस्पती तुपासाठी स्थापन झालेली, पुढे विप्रो म्हणून जगभर गेलेली कंपनीही तिथलीच. एका तालुक्याच्या गावात वेदान्त आणि भांडवल शेजारी नांदत होते. त्यांच्या मधोमध खात्यात उभा असलेला, घरी अहिराणी बोलणारा कामगार लाल बावट्याकडे वळला तो महागाई, पगार आणि कामाचे तास यांमुळे. पुस्तके वाचून वळलेले थोडे.

1946 मध्ये अमळनेरला गिरणी कामगारांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. कामगार मारले गेले. स्वातंत्र्य वर्षभरावर आले होते. अण्णाभाऊ साठ्यांनी त्या मृतांवर ‘अमळनेरचे अमर हुतात्मे’ हा पोवाडा लिहिला. याच अण्णाभाऊंनी महायुद्धाच्या काळात ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ रचला होता. लाल बावटा कलापथकाच्या डफावर व्होल्गाकाठचा सैनिक आणि बोरीकाठचा कामगार एकाच जातकुळीचे ठरले. ही भावना खरी होती आणि तिला मी आजही हसणार नाही. फॅसिझम हरला तो मोठ्या प्रमाणात सोव्हिएत माणसाच्या रक्तावर, हे अमळनेरच्या कामगाराने बरोबर ओळखले होते. त्याच्यापर्यंत आले नाही ते एवढेच, की युद्ध जिंकलेल्या त्या देशाच्या शिखरावर आता काय चालले आहे.

तिथे जे चालले होते ते असे. सप्टेंबर 1947 मध्ये स्टालिनच्या निकटचे नेते आंद्रेई झ्दानोव यांनी जग दोन छावण्यांत विभागले गेल्याचे जाहीर केले. त्या मांडणीची हवा भारतीय कम्युनिस्ट पक्षात शिरली आणि फेब्रुवारी–मार्च 1948 च्या कलकत्ता अधिवेशनात पी. सी. जोशी यांना बाजूला सारून बी. टी. रणदिवे सरचिटणीस झाले. नेहरू सरकारशी सहकार्याची लाइन गेली, उठावाची आली. पक्षात ‘बीटीआर लाइन’ म्हणून ती अजून ओळखली जाते. जोशींना पुढे पक्षातूनच काढले. ज्यांचे नाव घेऊन इथे हे घडत होते ते झ्दानोव ऑगस्ट 1948 मध्ये वारले आणि त्यांच्या गोटातली माणसे एकेक करून उचलली जाऊ लागली. त्यांचे प्रतिस्पर्धी मालेन्कोव आणि बेरिया यांचे पारडे जड झाले. युद्धकाळात सोव्हिएत अर्थव्यवस्थेचे नियोजन सांभाळणारे वोझ्नेसेन्स्की, पक्षाचे सचिव कुझ्नेत्सोव यांना ‘लेनिनग्राड प्रकरणा’त 1 ऑक्टोबर 1950 रोजी गोळ्या घालण्यात आल्या. वर्तमानपत्रात ओळ आली नाही.

इकडे 9 मार्च 1949 च्या रेल्वे संपाची हाक फसली. समाजवाद्यांच्या नेतृत्वाखालच्या रेल्वेमेन्स फेडरेशनने संपातून अंग काढून घेतले होते. भुसावळसारख्या जंक्शनवर, जिथे घरटी एक माणूस रेल्वेत, कार्यकर्त्यांनी कोणाला काय सांगायचे? लाइनप्रमाणे कामगार उठायला तयार होता. प्रत्यक्षात त्याला नोकरी, क्वार्टर आणि लेकरे होती. शेकडो कार्यकर्ते तुरुंगात, बाकीचे भूमिगत. तुरुंगातही लढा चालू ठेवायचा आदेश होता. फेब्रुवारी 1950 मध्ये सेलमच्या तुरुंगात गोळीबारात 22 कैदी मेले. त्याच्या थोडे आधी, जानेवारी 1950 मध्ये, कॉमिन्फॉर्मच्या, म्हणजे युरोपातल्या कम्युनिस्ट पक्षांच्या संयुक्त संस्थेच्या, मुखपत्रात एक संपादकीय आले, चीनच्या मार्गाची भलामण करणारे. त्या एका लेखाने बीटीआर लाइन कोसळली. भुसावळची फसलेली हाक, सेलमचे 22 मृत्यू यांनी जे घडले नाही ते परक्या देशातल्या एका संपादकीयाने घडले. मला या सगळ्या वाटचालीत सर्वांत जास्त बोचते ते हेच.

रणदिव्यांच्या जागी आंध्रचे राजेश्वर राव आले, पण मार्ग कोणता यावरचे भांडण मिटेना. तेव्हा चौघे जण, राव, बसवपुन्नय्या, अजय घोष आणि डांगे, कलकत्ता बंदरातून सोव्हिएत बोटीवर कामगारांच्या वेषात चढले. 9 फेब्रुवारी 1951 रोजी ते स्टालिनपुढे बसले. स्टालिनने त्यांना सांगितले, की भारत म्हणजे चीन नव्हे. चिनी लाल सेनेला पाठीशी सोव्हिएत सीमा मिळाली, तुम्हाला तशी पाठ नाही. तुमच्यापुढचा प्रश्न समाजवादी क्रांतीचा नसून शेतीचा आहे. एकट्यादुकट्याच्या खुनाने काही साधत नाही. सल्ला शहाणपणाचा होता हे मान्य केले पाहिजे. त्याच वर्षी पक्षाचा तेलंगणातला सशस्त्र लढा थांबला, नवा कार्यक्रम आला, अजय घोष सरचिटणीस झाले आणि पक्ष पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत उतरला.

पण त्या टेबलाकडे जरा जवळून पाहा. स्टालिनच्या बाजूला बसलेल्या मोलोतोवची पत्नी पोलिना 1949 पासून अटकेत आणि मग हद्दपारीत होती. परराष्ट्रमंत्रिपद मोलोतोवकडून काढून घेतले होते. मालेन्कोवचे प्रतिस्पर्धी चार महिन्यांपूर्वी मारले गेले होते. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर 1952 मध्ये, सोव्हिएत पक्षाच्या एकोणिसाव्या अधिवेशनानंतरच्या बैठकीत स्टालिनने मोलोतोव आणि मिकोयान या जुन्या सहकाऱ्यांवर सर्वांसमक्ष तोफ डागली. जानेवारी 1953 मध्ये नेत्यांना मारण्याचे डॉक्टरांचे कारस्थान ‘उघडकीस’ आले. 5 मार्चला स्टालिन वारले, जूनमध्ये बेरिया पकडले गेले, डिसेंबरात त्यांना गोळी घातली. ज्यांच्याकडे आपली माणसे वाट विचारायला गेली, त्यांतल्या प्रत्येकाला उद्या आपण कुठे असू याची शाश्वती नव्हती.

1956 साली, स्टालिननंतर पक्षप्रमुख झालेल्या ख्रुश्चेवच्या भाषणाने हे जगापुढे आले. इथे मात्र संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन पेटले होते, डांगे त्याच्या अग्रभागी होते, आणि मराठी कार्यकर्त्याला विचार करायला उसंत मिळाली नाही. ती मिळाली तेव्हा पक्ष फुटत होता. 1964 मध्ये डांग्यांच्या नावावरची, तुरुंगातून ब्रिटिश सरकारला सहकार्य देऊ करणारी 1924 सालची जुनी पत्रे बाहेर आली, चीनच्या प्रश्नावरचे मतभेद होतेच. राष्ट्रीय परिषदेतले 32 जण उठून गेले आणि त्यांच्यातून मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष उभा राहिला.

उठून गेलेल्या बाजूला धुळ्याचे शरद पाटील होते. 1925 साली धुळ्यात जन्मलेले, चित्रकलेचे शिक्षण सोडून पक्षाच्या मुंबईतल्या मुख्यालयात चित्रे काढणारे, मग धुळ्याला परतून कामगार, शेतकरी आणि शेवटी साक्री-नवापूर पट्ट्यातल्या आदिवासींत काम करणारे होलटायमर. रानात वहिवाट करणाऱ्या भिल्ल-कोकण्यांच्या जमिनीचा प्रश्न हाताळताना त्यांना दिसले, की वर्गाच्या कोष्टकात हा माणूस पुरता बसत नाही. उत्तर मागायला ते मॉस्कोला किंवा पेकिंगला गेले नाहीत. बडोद्याला जाऊन पाणिनीचे व्याकरण शिकले आणि मूळ संस्कृत ग्रंथांतून जातीचा, दासांचा, स्त्रीसत्तेचा इतिहास शोधू लागले. जातीविरुद्धचा लढा वर्गलढ्याइतकाच पायाभूत माना, ही त्यांची मागणी पक्षाने मानली नाही. 1978 मध्ये मार्क्सवादी पक्षाचा राजीनामा देऊन त्यांनी सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला. फुल्यांचे सत्यशोधन आणि मार्क्सचा पक्ष एका नावात आणले. 1982 मध्ये ‘दास-शूद्र गुलामगिरी’ आले. 2014 मध्ये धुळ्यातच ते वारले.

हा पक्ष कधी मोठा झाला नाही. त्यांच्या अनेक निष्कर्षांवर विद्वानांनी आक्षेप घेतले, त्यांतले काही मलाही पटतात. तरीही खानदेशच्या डाव्या चळवळीचा कणा मला इथे सापडतो. लाइन बाहेरून येण्याची चाळीस वर्षांची सवय धुळ्याच्या एका माणसाने मोडली, आणि तीही निव्वळ घोषणेने नव्हे, पोथ्या उलगडून.

फेब्रुवारी 1951 च्या त्या बैठकीचे टिपण आता छापून उपलब्ध आहे. स्टालिन काय म्हणाले, डांग्यांनी काय विचारले, सारे वाचता येते. अमळनेर, धुळे, चाळीसगाव, भुसावळच्या जुन्या कामगारांच्या घरांत युनियनच्या पावत्या, हँडबिले, तुरुंगातून आलेली पत्रे असतील, तर ती रद्दीत घालू नयेत. नातवंडांनी ती धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या संस्थेकडे नेऊन द्यावीत, आणि आजीला 1946 सालचे काय आठवते ते तिच्याच अहिराणीत उतरवून घ्यावे.