चुकांची साक्ष : सिटी कॉलेजातील इंग्रजी लेखनाध्यापनाचा एक अध्याय

विद्यार्थ्यांचा अभिप्राय घेऊन अध्यापनात सुधारणा करावी, हा विचार नवा नाही. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात ब्रँडनबर्ग व रेमर्स यांनी अध्यापकांच्या मूल्यमापनासाठी सिद्ध केलेली श्रेणीपत्रिका १९२७ साली प्रसिद्ध झाली. पुढे अभिप्राय म्हणजे छापील प्रश्नावली, असेच समीकरण रूढ होत गेले. आपल्याकडेही राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेने २०१७ च्या सुधारित पद्धतीत विद्यार्थी-समाधान सर्वेक्षणास स्थान दिले. अध्यापन विद्यार्थ्यांस रुचले की नाही, हे अशा पत्रिकेवरून कळू शकते. परंतु इंग्रजी लेखन शिकताना विद्यार्थी नेमका कोठे अडला, हे तीवरून क्वचितच कळते. या दुसऱ्या प्रश्नाचा गंभीरपणे विचार न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात झाला. त्या प्रयत्नाचा येथे थोडक्यात परामर्श घ्यावयाचा आहे.

त्याचा आरंभ वर्गाबाहेर झाला. एप्रिल १९६९ मध्ये कृष्णवर्णीय व पोर्टो रिकन विद्यार्थ्यांनी कॉलेजच्या दक्षिण आवाराचा ताबा घेतला. शहरातील शाळांत जे समाज आहेत, त्यांचे प्रमाण कॉलेजच्या प्रवेशातही दिसले पाहिजे, ही त्यांची एक प्रमुख मागणी होती. परिणामी, १९७५ साठी योजलेले मुक्त प्रवेशाचे धोरण नगर विद्यापीठाने १९७० मध्येच अमलात आणले. शहरातील माध्यमिक शिक्षण पूर्ण केलेल्या प्रत्येकास विद्यापीठाच्या कोणत्या ना कोणत्या महाविद्यालयात प्रवेशाची हमी मिळाली.

या नव्या विद्यार्थ्यांचे निबंध पाहून अनेक अध्यापक गोंधळून गेले. प्रत्येक ओळीत चुका. तेव्हा ही मुले महाविद्यालयीन शिक्षणास अपात्र आहेत, असा निष्कर्ष काढणे सोपे होते. मिना शॉनेसी यांनी तो काढला नाही. १९७० ते १९७४ या काळात प्रवेशाच्या वेळी लिहवून घेतलेले सुमारे ४,००० निबंध त्यांनी अभ्यासिले व त्या आधारे ‘एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स’ हा ग्रंथ १९७७ साली प्रसिद्ध केला. विरामचिन्हे, वाक्यरचना, वर्णलेखन, शब्दसंग्रह अशा क्रमाने त्यांनी चुकांची छाननी केली. हे विद्यार्थी मंद नसून नवशिके आहेत आणि त्यांच्या चुकांमागे काही तर्क असतो, हे त्यांचे प्रतिपादन होय.

भाषाशास्त्रास ही भूमिका अपरिचित नव्हती. शिकणाऱ्याच्या चुका हा त्याच्या मनात घडत असलेल्या भाषाव्यवस्थेचा पुरावा होय, असे पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्येच मांडले होते. उदाहरणार्थ, इंग्रजीत ‘स’ हा प्रत्यय नामास लागला की अनेकवचन होते. वर्तमानकाळी क्रियापदास लागला की कर्ता तृतीयपुरुषी एकवचनी असतो. अनेकवचनी कर्त्यापुढील क्रियापदास ‘स’ लावणारा विद्यार्थी नियम मोडीत नसतो; शिकलेला एक नियम तो अधिक दूर नेत असतो. मराठी भाषक विद्यार्थीही ‘तो म्हणाला की मी येईन’ याच्या धर्तीवर ‘ही सेड दॅट आय विल कम’ असे लिहितो. म्हणणारा व येणारा एकच असेल, तर मराठीत निर्दोष असलेला तो ‘मी’ इंग्रजीत अर्थच पालटतो. अशा वाक्याखाली तांबडी रेघ ओढल्याने विद्यार्थ्यास काहीच कळत नाही.

मात्र केवळ कागदावरून कारण निश्चित करणे धोक्याचे असते. एकाच चुकीची दोन-तीन कारणे संभवतात. डेव्हिड बार्थोलोमे यांनी १९८० च्या एका लेखात या अडचणीवर मार्ग दाखविला. त्यांनी विद्यार्थ्यास स्वतःचा निबंध मोठ्याने वाचावयास सांगितला. तेव्हा कागदावरील कित्येक चुका त्याने वाचताना आपोआप दुरुस्त केल्या आणि आपण तसे करीत आहोत याची जाणीवही त्यास नव्हती. म्हणजे त्या चुका व्याकरणाच्या अज्ञानातून आलेल्या नव्हत्या. स्वतःचे लिखाण डोळसपणे वाचण्याची सवय त्यास नव्हती. अशा विद्यार्थ्यास व्याकरणाचे नियम पुन्हा घोकविणे व्यर्थ होय. विद्यार्थ्याचा खरा अभिप्राय येथे मिळाला व तो अध्यापनाची दिशा बदलणारा होता.

या प्रयत्नास पुढे अनुकूल काळ लाभला नाही. १९७६ च्या आर्थिक संकटात १८४७ पासून चालत आलेले निःशुल्क शिक्षण संपुष्टात आले. १९७८ मध्ये शॉनेसी यांचे निधन झाले. १९९० च्या दशकाअखेरीस विद्यापीठाच्या चार-वर्षीय महाविद्यालयांतून पूरक वर्ग काढून टाकण्याचा निर्णय झाला. याचे कारण उघड आहे. प्रश्नावलीची बेरीज अल्प खर्चात होते. निबंधाचे वाचन व विद्यार्थ्याशी संभाषण यांस वेळ, लहान वर्ग आणि पुरेसे अध्यापक लागतात.

आपल्या महाविद्यालयांत आज अनेक विद्यार्थी घराण्यातील पहिलेच पदवीधर होऊ पाहत आहेत. त्यांच्या उत्तरपत्रिका गुण देऊन गठ्ठ्यांत बांधल्या जातात. समाधानाच्या पत्रिका जितक्या आस्थेने भरून घेतल्या जातात, तितक्याच आस्थेने हे गठ्ठे सोडून वाचले गेले, तर कोणता भाग पुन्हा शिकवावयास हवा, हे अध्यापकास विद्यार्थ्यांकडूनच कळेल.