एमजीबी भारी की टीआर६? एकाच मालकाच्या दोन ब्रिटिश स्पोर्ट्स कारची गोष्ट

एमजी म्हटलं की आपल्याला हेक्टर आठवते आणि ट्रायम्फ म्हटलं की चाकणमध्ये बनणारी स्पीड ४०० बाईक. पण साठ-सत्तरच्या दशकात ब्रिटनमध्ये ही दोन्ही नावं उघड्या टपाच्या, दोन सीटच्या स्पोर्ट्स कारची होती. (बाईकवाल्यांनो, ट्रायम्फचा कार आणि बाईकचा धंदा १९३६ मध्येच वेगळा झाला, त्यामुळे फार खूश होऊ नका.) जुन्या गाड्यांच्या शौकिनांमध्ये आजही वाद होतो, एमजीबी घ्यावी की ट्रायम्फ टीआर६?

कागदावर बघितलं तर टीआर६ सहज जिंकते. १९६९ मध्ये आलेल्या या गाडीला २.५ लिटरचं सहा सिलिंडर इंजिन होतं. ब्रिटनमधल्या मॉडेलला फ्युएल इंजेक्शन आणि सुरुवातीला १५० हॉर्सपॉवरची ताकद. मागच्या दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन. अमेरिकेत मात्र प्रदूषणाच्या नियमांमुळे कार्ब्युरेटर लावला आणि ताकद १०४ वर आली. गंमत म्हणजे बहुतांश टीआर६ तिकडेच गेल्या.

एमजीबी १९६२ ची. १७९८ सीसी, चार सिलिंडर, साधारण ९५ हॉर्सपॉवर. मागे टेम्पोला असतात तसे पाटे. पण वेगळी चेसिस नाही, बॉडी हाच सांगाडा, त्यामुळे गाडी हलकी आणि घट्ट. टीआर६ मात्र जुन्या पद्धतीने चेसिसवर बॉडी ठेवून बनायची.

मग खेळ कुठे फिरला? १९६८ मध्ये ब्रिटिश लेलँड तयार झाली आणि दोन्ही प्रतिस्पर्धी एकाच मालकाकडे आले. नव्या स्पोर्ट्स कारसाठी पैसा ट्रायम्फच्या टीआर७ वर लागला. एमजीबीच्या वाट्याला आले काळे रबरी बंपर. अमेरिकेच्या नियमांसाठी १९७४ मध्ये गाडीची उंचीही वाढवली आणि वळणावरची तिची मजा गेली. घरातल्या मोठ्या पोराला जुनेच कपडे घालायला लावावेत, तसा हा प्रकार. तरीही ती १९८० पर्यंत चालली आणि पाच लाखांहून जास्त बनल्या. टीआर६ १९७६ मध्येच थांबली, ९० हजारांच्या थोडी पुढे. एमजीबी बंद झाली तेव्हा ॲबिंग्डनचा कारखानाही गेला.

या आकड्याचा फायदा आज दिसतो. एमजीबीचे पार्ट सहज मिळतात, साधं इंजिन कुठलाही जुना मेकॅनिक उघडतो. १९८८ पासून तर मूळ साच्यांवरून अख्खी नवीन बॉडी मिळायला लागली. टीआर६ चं इंजेक्शन सेट करायला मात्र जाणकारच लागतो.

चालवायला टीआर६, सांभाळायला एमजीबी, असं माझं मत. कुठलीही बघा, आधी गंज तपासा. एमजीबीत दरवाज्याखालची पट्टी, कारण गाडीचा भार तिच्यावर असतो. टीआर६ मध्ये मागचं सस्पेन्शन जिथे जोडलंय तिथली चेसिस. चकचकीत रंगाखाली तिथेच खड्डा निघतो.