कूंगारा
कूंगारा हा ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीमधील काकाडू राष्ट्रीय उद्यानातील सुमारे १,२२८ हेक्टरांचा भूभाग आहे. जॉक या आदिवासी कुळाची ही वडिलोपार्जित भूमी असून तिच्या पोटात सुमारे १४,००० टन युरेनियम असल्याचा अंदाज आहे. जागतिक वारसा दर्जा मिळाल्यामुळे खाणीपासून बचावलेली भूमी म्हणून कूंगारा ओळखले जाते.

पार्श्वभूमी

येथील युरेनियमचा शोध १९७० मध्ये लागला. त्यामुळे १९७९ साली काकाडू उद्यान घोषित करताना कूंगारा मुद्दाम वगळण्यात आले. चोहोबाजूंनी संरक्षित उद्यान आणि मध्ये खाणीसाठी राखलेला तुकडा, ही स्थिती तीन दशके टिकली. वस्तुतः प्राचीन शैलचित्रांसाठी प्रसिद्ध असलेला बर्रुंगुय (नुरलँजी) खडक येथून जवळच आहे. पुढे खाणीचे हक्क अरेव्हा या फ्रेंच कंपनीकडे आले.

१९७६ च्या आदिवासी भूमी हक्क कायद्यानुसार नॉर्दर्न टेरिटरीतील पारंपरिक भूस्वामींना खनिजशोधास नकार देता येतो. मात्र हा नकार कायमचा नसतो. सर्वसाधारणपणे पाच वर्षांनंतर कंपनी पुन्हा अर्ज करू शकते. साहजिकच कंपनीला एकच होकार पुरतो, तर भूस्वामींना नकार पिढ्यान्‌पिढ्या देत राहावा लागतो. जॉक कुळाचे ज्येष्ठ संरक्षक जेफ्री ली यांच्यापुढे हीच अडचण होती. काकाडूमध्ये वनरक्षक म्हणून काम करणाऱ्या ली यांनी खाणीतून मिळू शकणारी प्रचंड रक्कम नाकारली. पवित्र स्थळे व पूर्वजांची दफनस्थाने असलेली ही भूमी उद्यानात समाविष्ट करावी, अशी त्यांची मागणी होती.

वारसा दर्जा

जून २०११ मध्ये पॅरिस येथील अधिवेशनात युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने कूंगाराचा काकाडू वारसा क्षेत्रात समावेश केला. हा विषय कार्यक्रमपत्रिकेतून वगळावा अशी अरेव्हाची विनंती होती, असे वृत्तपत्रांनी नोंदवले आहे. तथापि केवळ या दर्जाने देशांतर्गत कायदा बदलत नाही. खाणीची वाट मोकळी ठेवणारा १९८१ चा कूंगारा प्रकल्प क्षेत्र कायदा अजून अस्तित्वात होता. तो रद्द करणारे विधेयक पर्यावरणमंत्री टोनी बर्क यांनी २०१३ मध्ये संसदेत मांडले. ते संमत झाल्यावर कूंगारा राष्ट्रीय उद्यानाचा भाग बनले.

उद्यानाने वेढलेली रेंजर व जाबिलुका ही युरेनियम क्षेत्रे वारसा सीमेबाहेरच राहिली. रेंजर येथील उत्पादन २०२१ पर्यंत चालू होते. जाबिलुका येथील खाणीला मिरार भूस्वामींनी प्रदीर्घ विरोध केला. १९९८ मध्ये तेथे मोठे आंदोलनही झाले.