जपानी वेगाचें तेरा वर्षांचें पर्व

‘जुनें तें सोनें’ ही म्हण आपण सर्वांनीं ऐकलेली आहे. परंतु सोन्याला गंज चढत नाहीं, मोटारीला चढतो. म्हणून जुन्या मोटारीस सोन्याचा भाव येऊं लागला म्हणजे त्याचें कारण जिज्ञासूनें शोधावें, हें बरें. १९९४ सालच्या बांधणीची एक टोयोटा सुप्रा २०२१ च्या जून महिन्यांत अमेरिकेंतील एका लिलावांत साडेपांच लक्ष डॉलरांस विकली गेली. ती एका गाजलेल्या चित्रपटांत वापरलेली होती, हें खरें. तथापि चित्रपटाशीं कांहींहि संबंध नसलेल्या तिच्या भगिनींचे भावहि अलीकडच्या वर्षांत बरेच चढले आहेत. तेव्हां १९९० नंतरच्या दशकांतील जपानी स्पोर्ट्‌स मोटारी अभिजात मानून विकत घ्याव्या काय? या प्रश्नाचें उत्तर बाजारभावाच्या कोष्टकांत मिळणार नाहीं. तें त्यांच्या इतिहासांत आहे.

हा इतिहास १९८९ सालीं सुरू होतो. १९८५ च्या प्लाझा करारानंतर येनचें मूल्य वाढलें, व्याजाचे दर उतरले, आणि जपानांत जमिनीचे व शेअरांचे भाव गगनाला भिडले. १९८९ च्या डिसेंबर-अखेर टोकियोचा निक्केई निर्देशांक ३८,९१५ वर पोहोंचला. हातांत पैसा खेळत असतां मनुष्य जशी हौस करतो, तशी ती कारखानदारांनींहि केली. त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत शिकागोच्या प्रदर्शनांत दोन मोटारी जगापुढें आल्या. माझ्‌दाची लहानशी उघडी मोटार ही त्यांतील एक. ब्रिटिशांच्या एम्‌जीबी या मोटारीचें उत्पादन १९८० सालींच थांबलें होतें, आणि स्वस्त, हलक्या, दोन आसनांच्या मोटारीची ती परंपरा जवळजवळ लोपली होती. तिचें पुनरुज्जीवन हिरोशिमाच्या अभियंत्यांनीं केलें. दुसरी होंडाची एन्‌एस्‌एक्स. तिचा सांगाडा व अंग दोन्ही ॲल्युमिनियमचीं होतीं, आणि तिची घडण चालू असतां आयर्टन सेना या विख्यात शर्यतपटूनें ती स्वतः चालवून आपलें मत दिलें होतें. फेरारीच्या तोडीची, परंतु रोज कामावर नेतां येईल अशी मोटार बांधावी, ही होंडाची प्रतिज्ञा होती.

त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्यें निस्सानची स्कायलाइन जीटी-आर विक्रीस आली. १९९० ते १९९३ या चार वर्षांत जपानच्या प्रवासी मोटारींच्या स्पर्धेंतील आपल्या वर्गाच्या २९ शर्यती झाल्या. त्या सर्वच्या सर्व तिनें जिंकल्या. ऑस्ट्रेलियांत बॅथर्स्टची शर्यत तिनें १९९१ व १९९२ अशीं दोन वर्षें मारली, आणि तेथील वृत्तपत्रांनीं तिला ‘गॉडझिला’ असें नांव दिलें. पुढें दट्ट्याऐवजीं त्रिकोणी चक्रावर चालणाऱ्या एंजिनाची माझ्‌दा आरएक्स-७ आली, आणि १९९३ सालीं लोखंडी ठोकळ्याच्या दणकट एंजिनाची नवी सुप्रा आली.

येथें एक मौजेची गोष्ट सांगण्याजोगी आहे. रस्त्यांवरील अपघातांची टीका टाळण्यासाठीं जपानी कारखानदारांनीं आपसांत असा संकेत केला होता कीं, २८० अश्वशक्तीहून अधिक आंकडा कोणीं जाहीर करावयाचा नाहीं. हा संकेत २००४ पर्यंत टिकला. पण कागदावर २८० लिहिलें तरी कांहीं एंजिनांची कुवत त्याहून पुष्कळ अधिक होती. ही दडवलेली शक्ति बाहेर काढण्याचा नाद तरुणांना लागला. त्यामुळें मूळ रूपांत राहिलेल्या मोटारी आज थोड्या आहेत. आणि ज्या तशा राहिल्या, त्यांनाच भाव अधिक येतो.

समृद्धींत कल्पिलेल्या या मोटारी विकण्याची वेळ मात्र मंदींत आली. फुगा फुटला, गिऱ्हाईक आटलें. १९९८ सालीं सुप्रा अमेरिकेच्या बाजारांतून निघाली. २००२ च्या ऑगस्टमध्यें, एंजिनाच्या धुराविषयीं जपानांत कडक नियम आल्यामुळें, सुप्रा, आरएक्स-७ व स्कायलाइन जीटी-आर या तिघींचें उत्पादन एकदमच थांबलें. २००५ सालीं एन्‌एस्‌एक्सहि गेली. उरली ती माझ्‌दाची लहानशी मोटार. २०१६ च्या एप्रिलांत तिच्या दहा लक्षाव्या प्रतीची बांधणी झाली.

मग आज ही मागणी कोठून आली? एक कारण कायद्याचें आहे. परदेशांतील मोटार पंचवीस वर्षांची झाली म्हणजे अमेरिकेच्या सुरक्षा-नियमांतून तिला सूट मिळते. म्हणून १९८९ ची जीटी-आर तेथें २०१४ पासून, व १९९९ ची २०२४ पासून आणतां येऊं लागली. दुसरें कारण मनाचें आहे. १९९७ सालीं निघालेल्या ‘ग्रॅन टुरिस्मो’ या पडद्यावरील खेळांत आणि २००१ च्या ‘द फास्ट अँड द फ्युरिअस’ या चित्रपटांत ज्या मुलांनीं या मोटारी पाहिल्या, तींच मुलें आज चाळिशींत आहेत व त्यांच्या हातीं पैसा आहे. बाजारांत विकली जाते ती त्यांची स्मृति. पण स्मृति पिढीबरोबर वृद्ध होते. पुढच्या पिढीच्या मनांत ती जागी नसली, तर आजचा भाव कोणीं टिकवावयाचा?

म्हणून केवळ धनसंचय म्हणून ही खरेदी करूं नये, असें माझें मत आहे. तिजोरींत ठेवलेलें सोनें जसेंच्या तसें राहतें. कोठडींत ठेवलेली मोटार तशी राहत नाहीं. रबराच्या नळ्या कडक होतात, पेट्रोल नासतें, पत्रा आंतून खातो. आरएक्स-७ च्या एंजिनांतील चक्राच्या टोकांच्या पट्ट्या झिजतात, व त्या बदलावयाच्या तर सारें एंजिन उकलावें लागतें. हें काम जाणणारे कारागीरहि, मोटारी चालतील तोंवरच टिकतील. २०१७ नंतर निस्सान, माझ्‌दा व टोयोटा यांनीं जुन्या मोटारींचे कांहीं सुटे भाग पुन्हां करण्यास आरंभ केला, ही आशेची गोष्ट होय. पण मागणी सरली तर पुरवठाहि सरेल.

ज्याला ती चालवावयाची आहे, त्याची गोष्ट वेगळी. त्यानें कागदपत्रें व पत्रा तपासावा, सुटे भाग मिळतात कीं नाहीं याची चौकशी करावी, आणि मगच पैसे मोजावे. माझ्‌दाची लहान मोटार संख्येनें विपुल व रचनेनें साधी आहे. साधारण ऐपतीच्या हौशी माणसास तीच उत्तम. एन्‌एस्‌एक्स व जीटी-आर यांची अभिजातता निर्विवाद आहे; परंतु त्यांचा मालक होणें म्हणजे त्यांचा पालक होणें, एवढें त्यानें ओळखावें. हौसेला मोल नसतें, असें आपण म्हणतों. तेरा वर्षांच्या त्या पर्वांत जपानी अभियंत्यांनीं जी हौस केली, तिचें चीज त्या मोटारी रस्त्यावर धांवत राहतील तरच होईल.