वसई कोणी घेतली?

परवा वर्गात वसईच्या लढाईचा धडा चालला होता. ‘चिमाजी आप्पांनी १७३९ साली वसई घेतली,’ असे मी फळ्यावर लिहिले. वीस वर्षे हेच लिहीत आलो आहे. इतक्यात मागच्या बाकावरचा, वेसाव्याच्या कोळीवाड्यातला एक मुलगा उठला नि म्हणाला, “गुरुजी, आप्पा स्वतः चढले का हो तटावर?” वर्ग हसला. मीही हसलो, पण घरी येताना अंधेरी स्टेशनच्या पुलावर तो प्रश्न काही पाठ सोडीना.

वाचकहो, अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही सारी जुनी साष्टी. सुमारे दोनशे वर्षे ती फिरंग्यांकडे होती. मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि साष्टी हाती आली. त्याही मोहिमेचे मुख्य आप्पाच. पण खरे सांगायचे तर तो किल्ला तेव्हा पुरता बांधूनही झाला नव्हता. आणि अंजूरचे गंगाजी नाईक, मालाडचे अंताजी रघुनाथ अशी इथलीच माणसे मराठ्यांना साथ द्यायला उभी होती. असा किल्ला दुसऱ्या एखाद्या सरदारानेही घेतला असता, असे मला वाटते.

वसईची गोष्ट निराळी. १७३७ सालीच तिच्यावर शिड्या लावून पाहिल्या होत्या. तेव्हा आप्पा जागेवर नव्हते, आणि तो प्रयत्न फसला. १७३९ साली ते आले आणि वसई पडली. झाले की सिद्ध! पण थांबा. या खेपेला आधी माहीम, तारापूर घेऊन उत्तरेची बाजू मोकळी केली होती. तिकडे व्यंकटराव घोरपडे गोव्यावर चालून गेल्यामुळे वसईला मदत येणे अवघड झाले होते. तोफा होत्या, सुरुंग होते. मग श्रेय माणसाचे की दारूचे?

फिरंग्यांकडे पाहावे तर कोडे आणखी वाढते. १७३८ साली ठाणे परत घ्यायला आलेला त्यांचा सेनापती तोफेच्या गोळ्याने पडला आणि त्याचे सैन्य माघारी फिरले. वसईत मात्र मार्तिन्हो द सिल्व्हेरा ठार झाला, तरी किल्ला लढतच राहिला; काएतानो द सोझा परेरा याने सूत्रे हाती घेतली. उघड्यावरच्या फौजेला धनी लागतो. भक्कम तटाआडच्या फौजेचे त्यावाचूनही काही काळ भागते, एवढेच फार तर म्हणता येईल.

‘किल्ला मिळत नसेल तर माझे डोके तरी तोफेतून आत टाका,’ अशा अर्थाचे आप्पा बोलले, ही आख्यायिका आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. मला तिच्यापेक्षा दुसरीच गोष्ट मोठी वाटते. मार्च १७३९ मध्ये नादिरशहा दिल्लीत शिरला. बाजीरावांना उत्तरेत फौज हवी होती, आणि फौज तर वसईच्या वाळूत अडकलेली. मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे यांच्यासारखे सरदार, ज्यांचे सारे लक्ष माळव्याकडे, ते या खाडीकाठी तळ देऊन राहिले. त्यांना धरून ठेवायला पेशव्याचा सख्खा भाऊच हवा होता. दुसऱ्या कुणाच्या शब्दाखातर ते थांबले असते, असे मला वाटत नाही. फेब्रुवारीत घातलेला वेढा मेमध्ये, सेबास्तियन बुरूज सुरुंगाने उडाल्यावर फळाला आला. आप्पांनी शत्रूला बायकामुलांसह, सामानसुमानासह निघून जाऊ दिले.

मराठ्यांची सुमारे पाच हजार माणसे कामास आली, असा आकडा सांगतात. त्यांतली नावे आपल्याला किती ठाऊक? तारापूरला पडलेले बाजी भिवराव रेठरेकर, आणि मग बोटे मोजायला थांबावे लागते. सुरुंग खणणाऱ्याचे तर एकही नाव मला येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर लिहिले, ‘१७३९ साली मराठ्यांनी वसई घेतली. सेनापती चिमाजी आप्पा.’ त्या मुलाने मान डोलावली. सहामाहीच्या पेपरात मात्र त्याच्यासकट सगळ्यांनी जुनेच उत्तर लिहिले, आणि मी पूर्ण गुण दिले.