मुंबई पेटीकाम

मुंबई पेटीकाम : लाकडी पेट्यांचा पृष्ठभाग हस्तिदंत, शिंग, लाकूड व धातू यांच्या सूक्ष्म तुकड्यांच्या भौमितिक आकृतिबंधांनी मढविण्याची कला. गुजरातीत तिला ‘साडेली’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकात लेखनसाहित्य, शिवणसाहित्य, भेटपत्रे, चिरूट इ. ठेवण्यासाठी अशा पेट्या व डब्या तयार होत. यूरोपीय ग्राहकांत त्या ‘बाँबे बॉक्स’ म्हणून ओळखल्या जात.

इराणमधील शिराझच्या ‘खातम’ कामाशी या कलेचे निकटचे साम्य आहे. शिराझहून ती सिंधमार्गे सुरतेस व पुढे मुंबईस आली, अशी परंपरा जॉर्ज बर्डवुड (१८३२–१९१७) यांनी द इंडस्ट्रियल आर्ट्स ऑफ इंडिया (१८८०) या ग्रंथात नोंदविली आहे. मुंबईस मोठी बाजारपेठ व बंदर असल्याने सुरतेच्या या कलेस मुंबईचे नाव चिकटले.

कामाची पद्धत कष्टाची आहे. हस्तिदंत, हिरवे रंगविलेले सांबरशिंग, अबनूस, तांबडे पतंगाचे लाकूड व कथील यांच्या त्रिकोणी, चौकोनी वा गोल छेदाच्या बारीक कांबी प्रथम तयार करतात. ठरलेल्या नक्षीप्रमाणे त्या सरसाने जोडून त्यांची जुडी बांधतात. जुडी आडवी कापली, की प्रत्येक पातळ चकतीवर तीच नक्षी उमटते. या चकत्या चंदनी वा अन्य लाकडाच्या सांगाड्यावर चिकटवून घासतात व त्यांस झिलई देतात. विशाखापट्टनमच्या पेट्यांत हस्तिदंताच्या पत्र्यावर नक्षी कोरून तीत रंग भरीत. येथे मात्र नक्षी पदार्थांच्या छेदातूनच सिद्ध होते. हवेतील ओलाव्याने लाकूड फुगते व आकसते, त्यामुळे जुन्या पेट्यांवरील तुकडे पुष्कळदा सुटलेले आढळतात.

लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनात या पेट्या मांडण्यात आल्या व त्यांची मागणी वाढली. परंतु बहुतेक पेट्यांवर कर्त्याचे नाव नसे. संग्रहालयांच्या नोंदींत त्यामुळे पुष्कळदा केवळ ‘मुंबई’ वा ‘सुरत’ एवढाच निर्देश मिळतो आणि कारागिराची ओळख त्याच्या कामाच्या धाटणीवरूनच करावी लागते. एखाद्या चिरूटपेटीचा मालक ठाऊक असतो, कर्ता मात्र अज्ञात राहतो.

पुढे मागणी घटली. भारतीय हस्तिदंताच्या व्यापारावर १९८६ च्या दुरुस्तीने वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये बंदी आली. १९९१ च्या दुरुस्तीने आयात हस्तिदंतासही ती लागू झाली. हत्तींच्या रक्षणासाठी ती आवश्यकच होती. सुरतेतील मोजक्या कारागिरांनी हस्तिदंताऐवजी प्लॅस्टिकसारखे पर्यायी पदार्थ वापरून ही कला टिकविली आहे. मूळ द्रव्य गेले, तरी जुडी बांधण्याचे व कापण्याचे कसब हेच तिचे खरे मर्म होय.