सभापतींच्या आसनाच्या पायऱ्या
अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात सभापतींचे आसन उंच चौथऱ्यावर आहे, आणि जिम लँजेव्हिन यांची कारकीर्द समजून घ्यायची तर त्या चौथऱ्याच्या पायऱ्यांपाशीच थांबावे लागते. १९८० मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, पोलीस छात्र असताना चुकून सुटलेल्या गोळीने त्यांच्या मज्जारज्जूला, म्हणजे मेंदूचे संदेश शरीरभर नेणाऱ्या मज्जातंतूंच्या जुडग्याला, इजा होऊन त्यांच्या दोन्ही हातांना व दोन्ही पायांना पक्षाघात झाला. ऱ्होड आयलंडचे विधिमंडळ, मग राज्याचे सचिवपद असे टप्पे घेत ते २००१ मध्ये प्रतिनिधिगृहात पोहोचले. मतदारांनी दिलेला अधिकार मात्र (सुतारकामाअभावी म्हटले तरी चालेल) पायऱ्यांशी अडला, आणि चाकाच्या खुर्चीसाठी उद्वाहक बसल्यावर २६ जुलै २०१० रोजी, अपंगहक्क कायद्याच्या विसाव्या वर्धापनदिनी, त्यांनी त्या आसनावरून प्रथमच कामकाज चालवले.